दोन वाजताची कूस

दोन वाजले की आम्ही चौघं.
मी, रामकली, भूरे, आणि सर्जिकलमधून उसना आणलेला कल्याण,
जो दर वेळी म्हणतो, आज शेवटचं.
दोन खाटा सुतळीने बांधून एक केल्यात,
मधल्या फटीत सतरंजीची गुंडाळी.
इंगळे बाईंची कूस बदलायची.

ओढायचं नाही.
हे मी पहिल्याच रात्री शिकले, चुकून.
चादर ओढली, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी
चादरीवर राहिली.
बाई काही बोलल्या नाहीत.
ती चादर मी धोब्याला दिली नाही, स्वतः धुतली.

आता उचलतो, मग सरकवतो. एक, दोन,
भूरे अडीचलाच जोर लावतो.

पुढचं काम माझं.
पोटाची घडी वर धरायची, तळव्याने, बोटांनी नाही.
आत मे महिना असतो,
ग्वाल्हेरचा मे, कूलरमधलं पाणी संपलेला,
आणि एक वास, जो मला आता वाचता येतो:
आंबूस असला तर घाम,
गोडसर असला तर बुरशी, सकाळी डॉक्टरांना सांगायचं.
कोमट पाणी. घासायचं नाही, टिपायचं.
रामकलीच्या सासऱ्याचं जुनं धोतर, उकळलेलं, फाडलेलं,
घडीत पसरायचं, टोक बाहेर सोडायचं,
ओल त्या वाटेने निघून जाते.
पावडर नको, तिचे खडे होतात.
जस्ताचं मलम, अगदी पातळ, पोळीला तूप लावावं तसं.

"चिक्कू घरातल्या पोळीला," बाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
लष्करच्या मुलींच्या शाळेत.
"मुरैन्याकडे गेलीस कधी? बीहड पाहिलेस?
पाणी साचतं, माती सुटते.
आधी बोटभर चीर. कुणी बघत नाही.
मग तिच्यात उंट दिसेनासा होतो.
बोटभर असतानाच बघायचं, पोरी."
हे सगळं भिंतीकडे तोंड करून,
एका वाक्याला दोन श्वास.

वॉर्डचा काटा एकशे तीसला अडकतो.
कुणीतरी सुचवलं होतं, दाल बाजारच्या धर्मकाट्यावर नेऊ,
ट्रकसकट तोलू, मग ट्रक वजा करू.
बाईंनी चष्मा काढून उशीखाली ठेवला.
दिवसभर लावला नाही.
शेवटी टेपने मापं घेऊन डोसाचा हिशोब झाला,
आणि टेपचं एक टोक बाईंनीच हातात धरलं.

आज नववी रात्र.
माकडहाडावरचा तो लाल डाग मी बोटाने दाबला.
आठ रात्री दाबूनही लालच राहायचा, हट्टी.
आज बोट उचललं तर खाली पांढरं,
आणि मग हळूहळू,
कुणी कंदिलाची वात वाढवावी तसं, लाल.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.
सुधारतंय, मी म्हटलं.
"ते नाही गं. दिसतं काय?
अकरा वर्षं झाली, माझा हात पोचत नाही तिकडे.
आरसाही नाही पोचत."

भूरेने मान फिरवली.
रामकलीने टॉर्च जवळ आणला.
मी सांगायला लागले, जमेल तसं.
मणक्याची ओळ मधेच आत जाते, नदी वाळूत जिरते तशी.
डावीकडे पांढुरक्या रेघा, बारीक, पुष्कळ.
खांद्यामागे रंग उजळ आहे, ऊन न लागलेला.
आणि खाली, घडी संपते तिथे, एक तीळ.
"केवढा?"
ज्वारीच्या दाण्याएवढा.
"आईला होता," बाई म्हणाल्या.

बराच वेळ नुसता पंखा.
मग त्यांनी उशीखाली चाचपून चष्मा काढला,
लावला, आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

मी चार्ट भरला: दोन वाजता, डावी कूस, कातडी शाबूत.
कल्याण दारात उभा, हात पुसत.
आज शेवटचं, म्हणाला.
चारला येतो.